‘खोली खाली करा’ म्हटल्यावर

करमाळा तालुक्यातल्या केमसारख्या गावात भाड्याने राहणारे कमी नाहीत. रेल्वेत नोकरीला असलेला, शाळेवर बदलून आलेला शिक्षक, बँकेतला माणूस, औषधाचं किंवा भुसार मालाचं दुकान मांडलेला, कुंकवाच्या कारखान्यात कामाला आलेलं कुटुंब आणि शेड भाड्याने घेऊन स्वतःच कुंकू करणारा छोटा उद्योजक, असे सगळे कुणाच्या ना कुणाच्या जागेत असतात. यातला बराचसा व्यवहार तोंडी चालतो. भाडं हातात द्यायचं, पावती मागायची नाही, अनामत किती दिली ते दोघांच्या आठवणीत. मालकाशी संबंध चांगले असेपर्यंत हे सुरळीत चालतं. मग एक दिवस मालकाच्या मुलाचं लग्न ठरतं, किंवा जागेला जास्त भाडं देणारा भेटतो, आणि निरोप येतो: ‘महिनाअखेर खोली खाली करा.’

हा निरोप ऐकला की बरीच माणसं दोनपैकी एक करतात. काहीजण घाबरून आठवड्यात सामान बांधतात, काहीजण ‘बघू कोण काढतो’ म्हणून भाडं देणंच बंद करतात. दोन्हीत नुकसान भाडेकरूचंच होतं.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. मालकाने ‘निघा’ म्हटलं म्हणून कायद्याने तुमचा ताबा संपत नाही. तुम्ही स्वखुशीने गेलात तर प्रश्नच मिटला. गेला नाहीत, तर मालकाला लेखी नोटीस द्यावी लागते, मग दिवाणी न्यायालयात दावा, मग हुकूमनामा, आणि त्यानंतर न्यायालयाचा बेलीफ येऊन ताबा घेतो. मालक, त्याची पोरं, गावातला वजनदार माणूस, पोलीस पाटील, यांपैकी कुणालाही तुमचं सामान उचलून बाहेर ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली कृष्ण राम महाले विरुद्ध शोभा व्यंकट राव या निकालात हे स्पष्ट सांगितलं आहे. जागेत स्थिरावलेल्या माणसाला तिथे राहण्याचा हक्क उरला नाही असं धरून चाललं, तरी मालकाला कायद्याच्या मार्गानेच त्याला काढावं लागतं. आणि जबरदस्तीने काढलंच, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात मालकी कुणाची हा मुद्दाच येत नाही. ताबा कुणाचा होता आणि तो बेकायदा काढला का, एवढंच न्यायालय बघतं. सहा महिने मात्र सहाच. ‘बघू, बोलू’ करण्यात ते निघून गेले तर हा सोपा रस्ता बंद होतो.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा सल्ला नेमका चुकतो तो पुढच्या प्रश्नावर, तुम्हाला कायदा कुठला लागू? शहरातला भाडेकरू महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या आधाराने बोलतो. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात भाडेकरूला भक्कम संरक्षण आहे. ठरलेलं भाडं देत असलेल्या भाडेकरूला कलम १६ मधलं कारण सिद्ध केल्याशिवाय काढता येत नाही. मालकाची खरीखुरी गरज, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, कारण नसताना सहा महिने जागा बंद ठेवणं, अशी ती कारणं आहेत. भाडं थकलं तरी लेखी मागणीनंतर नव्वद दिवस गेल्याशिवाय त्या कारणावर दावा लावता येत नाही, आणि दाव्याचं समन्स मिळाल्यावर नव्वद दिवसांत पंधरा टक्के सरळ व्याजासह रक्कम भरली तर जागा वाचू शकते.

पण हा कायदा राज्यातल्या प्रत्येक गावाला लागू नाही. कायद्याला जोडलेल्या अनुसूचींतली ठिकाणं, पूर्वीचे भाडे कायदे जिथे लागू होते ते भाग आणि शासनाने अधिसूचना काढून जोडलेले भाग, एवढ्यांपुरता तो आहे. ग्रामपंचायतीचं गाव बहुधा त्याच्या बाहेर राहतं. म्हणून करमाळ्याला वकिलाकडे गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा: ‘आमच्या गावाला भाडे नियंत्रण कायदा लागतो का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर तुमचा कायदा म्हणजे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२. त्यात मालकाने कारण द्यायची गरज नाही, आणि हे कटू असलं तरी आधीच कळलेलं बरं. ‘मी दहा वर्षं वेळेवर भाडं दिलं, मला का काढता?’ हा प्रश्न माणुसकीचा आहे, त्या कायद्यात मात्र त्याला उत्तर नाही. तिथे तुमचं संरक्षण नोटिशीत आणि न्यायालयाच्या प्रक्रियेत आहे.

आणखी एक. २०२१ साली केंद्राने आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला, त्याच्या नावाने मोबाईलवर अधूनमधून ‘नवे नियम’ फिरतात. तो राज्यांसाठीचा नमुना आहे. राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो इथे लागत नाही, त्यावर विसंबू नका.

नोटिशीचे दिवस

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम १०६ सांगतं की वेगळा करार किंवा स्थानिक रिवाज नसेल, तर राहण्याची खोली किंवा दुकानाचा गाळा महिन्या-महिन्याच्या भाड्याने दिला आहे असं धरलं जातं आणि तो पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. नोटीस लेखी हवी, सहीची हवी. ती टपालाने पाठवता येते, तुमच्या किंवा घरातल्या माणसाच्या हातात देता येते, आणि तसं जमलंच नाही तर जागेवर ठळक ठिकाणी चिकटवता येते. पंधरा दिवस मोजायचे ते नोटीस मिळाल्यापासून. दिवस कमी भरले म्हणून नोटीस रद्द होते, हा मुद्दा पूर्वी चालायचा. २००३ च्या दुरुस्तीनंतर दावा पंधरा दिवस उलटून लावला असेल तर नोटिशीतली ती चूक मालकाला भोवत नाही.

इथे गावात सर्रास दिला जाणारा एक सल्ला फार घातक आहे: ‘पोस्टमन नोटीस घेऊन आला तर घेऊ नका, सही करू नका.’ बरोबर पत्त्यावर पाठवलेलं टपाल तुम्ही नाकारलंत, तर ते तुम्हाला मिळालं असंच न्यायालय धरतं. दिवस सुरू होतात आणि नोटिशीत काय लिहिलंय ते मात्र तुम्हाला माहीत नसतं. नोटीस घ्या, पाकिटासकट जपा, पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा आणि आठवड्याच्या आत वकिलाला दाखवा. नोटिशीत खोटं काही असेल, समजा आठ महिन्यांचं भाडं थकलंय असं लिहिलं असेल, तर उत्तर दिल्याशिवाय राहू नका. गप्प राहण्याचा अर्थ पुढे तुमच्या विरुद्ध लावला जातो.

मुदतीचा करार असेल तर गणित वेगळं. अकरा महिन्यांची मुदत संपली की भाडेपट्टा आपोआप संपतो, नोटिशीची गरज राहत नाही. ‘लिव्ह अँड लायसन्स’ असेल तर तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नाही, परवानगीने राहणारे आहात. तरीही परवानगी संपल्यावर सामान घेऊन निघायला वाजवी वेळ मिळायला हवा, हे सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. म्हणून जुन्या तोंडी भाडेकरूने सावध राहायचं ते एका गोष्टीपासून. मालक प्रेमाने म्हणतो, ‘भाडं तेवढंच राहू दे, फक्त या अकरा महिन्यांच्या कागदावर सही करा.’ त्या सहीने तुमची वर्षानुवर्षांची भाडेकरी संपून मुदतीची परवानगी उरू शकते. कागद वाचून दाखवल्याशिवाय सही नाही आणि कोऱ्या स्टँपवर तर कधीच नाही.

रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांनी यातलं काहीच आपल्याला लावून घेऊ नये. तिथे सरकारी जागांचा १९७१ चा स्वतंत्र कायदा चालतो, आणि ताबा परत मागण्याचा कलम ६ चा दावाही सरकारविरुद्ध लागत नाही.

कुंकवाची शेड

केमचं नाव बाहेर ओळखलं जातं ते कुंकवामुळे, म्हणून ही बाब थोडी सविस्तर सांगतो.

कलम १०६ मध्ये शेती आणि उत्पादन या दोन कामांसाठी दिलेल्या जागेला वेगळी वागणूक आहे. ती जागा वर्षा-वर्षाच्या भाड्याने दिली असं धरतात आणि नोटीस सहा महिन्यांची लागते. कुंकू तयार करणं हे उत्पादन आहे, तेव्हा शेडवाल्याला सहा महिने मिळतील असं कुणालाही वाटेल. कलम वाचलं की वाटतंच. पण वर्षा-वर्षाचा पट्टा नोंदणी केलेल्या दस्तानेच करता येतो, असं त्याच कायद्याचं कलम १०७ म्हणतं. या दोन्हींचा मेळ घालून सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली समीर मुखर्जी प्रकरणात सांगितलं की नोंदणीकृत दस्त नसेल तर उत्पादनाच्या जागेचं भाडंही महिन्या-महिन्याचंच समजायचं, म्हणजे पंधरा दिवस. २०२३ मध्ये पॉल रबर इंडस्ट्रीज या प्रकरणातही निकाल भाडेकरूच्या विरुद्ध गेला. पट्टा नोंदलेला नव्हता, आणि जागा उत्पादनासाठीच घेतली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी न्यायालयाने भाडेकरूवर टाकली.

शेडमध्ये यंत्रं बसवलेली असतात, मालाची पोती रचलेली असतात, व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी अंगावर असतात. पंधरा दिवसांत ते हलवणं म्हणजे हंगाम बुडणं. तेव्हा शेड घेतानाच दुय्यम निबंधकाकडे जाऊन करार नोंदवा. त्यात ‘कुंकू उत्पादनासाठी’ हे शब्द लिहा, नोटीस सहा महिन्यांची ठेवा आणि मुद्रांकाचा खर्च कोण करणार तेही लिहा. मुद्रांक आणि नोंदणीला लागणारा पैसा हा त्या धंद्याच्या भांडवलाचाच भाग समजावा. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, इथे पुष्कळजण फसतात.

जागा सोडायची वेळ आलीच, तर जमिनीत बोल्ट मारून बसवलेलं तुमचं यंत्र तुमचंच राहतं. करारात वेगळं ठरलं नसेल तर ताबा असेपर्यंत ते काढून नेण्याचा हक्क कलम १०८ देतं. अट एवढीच की जागा मिळाली होती तशी परत करायची, म्हणजे फरशी फोडली तर बुजवून द्यायची. भिंतींना बसलेल्या लाल थराचं काय? वाजवी वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी येत नाही. जागा कुंकवासाठीच दिली होती हे कागदावर असेल, तर रंगाऱ्याचा सगळा खर्च अनामतीतून कापण्याला तुमच्याकडे चांगलं उत्तर असतं. कागदावर नसेल तर वाद वाढतो.

मालक कागद का करत नाही

मालक कागदाला का बिचकतो, हेही समजून घ्यायला हवं. या भागात कूळ कायद्याच्या आठवणी घराघरांत आहेत. १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक झालं. कुणाला जमीन मिळाली, कुणाची गेली. तेव्हापासून ‘कागद केला की कूळ लागतं’ ही भीती शेतावरून घरापर्यंत आली. त्यात ‘बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो’ याची भर पडते.

दोन्ही समजुती घराच्या बाबतीत चूक आहेत. घराला, गाळ्याला, कारखान्याच्या शेडला कूळ कायदा लागत नाही. भाडं देऊन, मालकाची मालकी मान्य करून राहणारा माणूस पन्नास वर्षांनीही भाडेकरूच असतो. बारा वर्षांच्या ताब्याने मालकी सांगायची तर तो ताबा मालकाच्या हक्काला आव्हान देऊन घेतलेला लागतो, त्याच्या परवानगीने आलेला नाही. हे तुम्ही स्वतः मालकाला सांगा. ‘कागद केला तर तुमचीच मालकी त्यात लिहून राहील’ हे पटलं, तर पुष्कळ मालक सही करायला तयार होतात. माझ्या मते गावातले निम्मे भाड्याचे वाद या एका गैरसमजातून सुरू होतात. कागद नाही म्हणून मालक अस्वस्थ असतो, अस्वस्थ म्हणून दर थोड्या दिवसांनी भाडेकरू बदलतो.

निरोप आला त्या दिवसापासून

भाडं थांबवू नका. रोख देत असाल तर आता मालकाच्या खात्यावर किंवा यूपीआयने पाठवा आणि शेऱ्यात महिना लिहा. घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवा. नाकारलेल्या मनीऑर्डरची पावतीही उद्या न्यायालयात तुमच्या बाजूने बोलते. नोटिशीची मुदत उलटल्यावर मालकाने भाडं ‘भाडं’ म्हणून स्वीकारलं, तर ते वकिलाला आवर्जून सांगा, काही वेळा त्याने नोटीसच मागे पडते.

तोंडी निरोपाला लेखी उत्तर द्या. फार कायदा घालायची गरज नाही, एवढं पुरतं:

‘श्री. अमुक यांस सादर नमस्कार. आपण अमुक तारखेला खोली रिकामी करण्यास तोंडी सांगितलंत. मी आपल्या घरात दरमहा अमुक रुपये भाड्याने राहतो, अमुक महिन्यापर्यंतचं भाडं दिलेलं आहे आणि अनामतीचे अमुक रुपये आपल्याकडे जमा आहेत. मुलीची परीक्षा मार्चअखेर संपेपर्यंत मुदत द्यावी, ही विनंती. तोपर्यंत भाडं नियमित देत राहीन.’

हे पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवा आणि प्रत ठेवा. यात तुमची भाडेकरी, भाड्याचा दर, अनामत आणि थकबाकी नसल्याचं सगळं नोंदलं जातं. मालकाने आक्षेप घेतला नाही तर ते तुमच्या हातातलं पहिलं कागदपत्र ठरतं. जायची पक्की तयारी नसेल तर अमुक तारखेला निघेन असं त्यात लिहू नका, दिलेला शब्द पाळावा लागतो.

वीजबिलं, गॅसची नोंद, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, आधारवरचा पत्ता एकत्र करा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मालकाबरोबर भोगवटादाराचा रकाना असतो. तिथे तुमचं नाव असेल तर उतारा काढून ठेवा.

वीज तोडली, पाणी बंद केलं, कुलूप लावलं, असं झालं तर त्याच दिवशी हालचाल करा. फोटो काढा, दोन शेजाऱ्यांना दाखवा. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘हा दिवाणी मामला आहे’ असं उत्तर मिळेल. त्यावर वाद घालू नका, पण घरात घुसणं, धमकी देणं, वाट अडवणं हे गुन्हे आहेत, त्यांची नोंद मागा. जीवाला धोका वाटला तर ११२. विजेसाठी एक महत्त्वाचा निकाल ध्यानात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात सांगितलं की वीज ही मूलभूत गरज आहे, मालकाचं ना हरकत पत्र नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. महावितरणकडे अर्ज करताना जागेत राहत असल्याचा पुरावा जोडा. जबरदस्ती होणार अशी चिन्हं दिसली तर करमाळ्याच्या दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा लावा. कुलूप लागेपर्यंत वाट बघू नये.

गावची बैठक जरूर घ्या. २००७ पासून गावोगावी झालेल्या तंटामुक्त समित्या अशा वादांत उपयोगी पडल्या आहेत, आणि रोज तोंड दिसणाऱ्या दोन घरांचा वाद न्यायालयाबाहेर मिटला तर चांगलंच. पण समितीला किंवा सरपंचांना ताबा काढून देण्याचा अधिकार नाही. जे ठरेल ते त्याच बैठकीत लिहून घ्या: जायची तारीख, अनामत परतीची तारीख, मधल्या काळाचं भाडं, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. चार चांगल्या माणसांसमोर नुसता दिलेला शब्द सहा महिन्यांनी चार प्रकारांनी आठवला जातो.

घर विकलं गेलं म्हणून तुमची भाडेकरी मोडत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी येतो आणि नोटीस त्यालाही द्यावीच लागते. विक्रीची कल्पना नसताना जुन्या मालकाला दिलेलं भाडं वाया जात नाही. नवरा वारला तर भाडेकरी वारसांकडे येते. ‘भाडं त्याच्या नावावर होतं, आता तुम्ही निघा’ असं कुणी विधवेला सांगत असेल, तर ते खरं नाही.

वकिलाच्या फीसाठी थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी राज्यात वार्षिक तीन लाख रुपयांची मर्यादा आहे. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, फोनवर सल्ला हवा तर १५१००.

आणि दावा हरणार हे वकिलाने सांगितलं, तर उगाच ओढत बसू नका. भाडेकरी संपल्यानंतरच्या काळासाठी न्यायालय भाड्याऐवजी बाजारभावाने नुकसानभरपाई ठरवू शकतं, आणि ती रक्कम जुन्या भाड्यापेक्षा बरीच मोठी निघते. त्यापेक्षा मुदत मागून घ्या. तडजोडीत सहा महिने मिळाले तर तेच चांगला निकाल समजा.

निघायच्या दिवशी मालकाला बरोबर घेऊन खोल्या फिरा, मोबाईलवर चित्रण करा, मीटरचं रीडिंग टिपा. अनामतीचे पैसे खात्यावर जमा झाल्याचा संदेश आल्यावरच किल्ली द्या, कारण किल्ली दिली की ताबा दिला. मालकाकडे त्या दिवशी पैसे नसतील तर किती आणि कधी देणार ते सहीनिशी लिहून घ्या. ती तारीख चुकली तर वसुलीचा दावा लावायला तीन वर्षं असतात.